टेनेसी वॉल्ट्झ : एक चाल, अनेक कंठ

१९४६ साली रचल्या गेलेल्या 'टेनेसी वॉल्ट्झ' या अमेरिकी प्रेमगीताला पुढच्या पन्नास-साठ वर्षांत इतके कंठ लाभले की ते गाणे नेमके कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर सांगणाऱ्याच्या वयावर, देशावर आणि आवडीवर अवलंबून राहू लागले. केंटकी राज्यातील जुन्या रेडिओश्रोत्यांना ते पी वी किंग यांच्या वृंदाचे वाटते, १९५० च्या दशकात तरुण असलेल्या अमेरिकी शहरवासीयांना पॅटी पेज यांचे, मेम्फिसच्या सोल संगीतावर प्रेम करणाऱ्यांना ओटिस रेडिंग यांचे आणि जपानमधील एका संपूर्ण पिढीला चिएमी एरी यांचे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ब्रिटिश बेटांतून आलेल्या वसाहतकऱ्यांची कथागीते, चर्चमधील भक्तिगीते, फिडलवर वाजणाऱ्या नाचाच्या धुना आणि कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गायकीचे संस्कार यांतून जे ग्रामीण गाणे घडले आणि रेडिओ-ध्वनिमुद्रिकांमुळे ज्याचा व्यवसाय झाला, त्याला कंट्री संगीत म्हणतात. अशा गाण्याचे एका कलावंताने ध्वनिमुद्रण केल्यावर दुसऱ्याने तेच गाणे आपल्या आवाजात पुन्हा मुद्रित केले, की त्या व्यवसायाच्या परिभाषेत त्याला 'कव्हर' असे नाव मिळते. भावगीताचा कवी, संगीतकार आणि गायक हे त्रिकूट एकदा जमले की ते कायमचे मानणाऱ्या मराठी रसिकाला ही प्रथा काहीशी परकी वाटेल. पण त्या काळच्या अमेरिकेत गाणे ही एक स्वतंत्र मालमत्ता होती आणि तबकडी हे तिचे अनेक रूपांपैकी एक रूप होते.

गाण्याचा विषय एका दमात सांगता येतो. निवेदक आपल्या प्रिय व्यक्तीबरोबर वॉल्ट्झच्या तालावर नाचत असताना एक जुना स्नेही भेटतो, निवेदक स्वतः दोघांची ओळख करून देतो आणि ते दोघे नाचत असतानाच तो स्नेही त्या प्रिय व्यक्तीचे मन जिंकून घेतो. उरलेल्या भागात फक्त ती रात्र आणि तेव्हा वाजत असलेली धून यांची आठवण आहे. या कथनात कोणाचे नाव नाही, नाचघराचे वर्णन नाही, भांडण नाही, स्नेह्याला दिलेला शाप नाही आणि प्रिय व्यक्तीकडे मागितलेला जाबही नाही. कंट्री गीतांमध्ये एरवी दारू, तुरुंग, आगगाडी, आई आणि परमेश्वर यांपैकी कोणी ना कोणी मदतीला धावून येते. येथे निवेदकाच्या मदतीला कोणीच येत नाही. ओळख करून देणे हा नाचघरातील साधा शिष्टाचार होता आणि तो पाळला नसता तरच निवेदक उद्धट ठरला असता, म्हणून या हानीत त्याचा अपराध शोधू गेल्यास सौजन्याखेरीज काहीही हाती लागत नाही. आणखी एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. त्या रात्री जी धून वाजत होती तिचेही नाव 'टेनेसी वॉल्ट्झ' असेच सांगितले आहे, म्हणजे गाणे ज्या गाण्याची आठवण काढते ते स्वतःच आहे की त्याच नावाचे दुसरे एखादे, याचा उलगडा होत नाही आणि ती मूळ धून श्रोत्याला कधीच ऐकू येत नाही. प्रत्येक नव्या गायकाला जी मोकळी जागा मिळाली ती येथे. पुरुषाऐवजी स्त्रीने गाताना तर स्नेह्यासाठी आलेले एकच सर्वनाम बदलले की काम भागते.

चालीचा विचार करता, वॉल्ट्झ हा मध्य युरोपातून पसरलेला, तीन मात्रांच्या आवर्तनाचा आणि पहिल्या मात्रेवर वजन देणारा जोडीनृत्याचा प्रकार आहे. 'टेनेसी वॉल्ट्झ'ची चाल मेजर सप्तकातील, म्हणजे आपल्या बिलावल थाटाशी जुळणारी असून साथीतील बहुतेक स्वरसंघ, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरांचे गट, अगदी सरळ आहेत. अपवाद फक्त ध्रुवपदाच्या आरंभी येतो. निवेदक आठवणीचा उच्चार करतो तेथे गांधारावर उभारलेला मेजर स्वरसंघ येतो आणि त्याच्याबरोबर त्या सप्तकात नसलेला कोमल धैवत साथीतून क्षणभर डोकावून जातो. लगेच पुढच्या स्वरसंघात तो शुद्ध धैवताला वाट करून देतो आणि चाल पुन्हा घरच्या वाटेला लागते. पुढे या गाण्याचा वेग, ताल आणि वाद्यमेळ कितीही बदलला गेला तरी हे वळण बहुतेक सर्वांनी जपले आहे, आणि गाण्याची ओळख सर्वाधिक याच जागी आहे असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

ज्या राज्याचे नाव या गाण्याला आहे तेथे चालकर्त्याचा जन्म झाला नव्हता. पी वी किंग यांचे मूळ नाव ज्युलियस फ्रँक कुझिन्स्की. त्यांचा जन्म १९१४ साली विस्कॉन्सिन या उत्तरेकडील राज्यात पोलिश-जर्मन वंशाच्या कुटुंबात झाला आणि अकॉर्डियन, पोल्का व वॉल्ट्झ हे त्यांच्या घरचेच संगीत होते. १९३७ साली ते आपल्या 'गोल्डन वेस्ट काउबॉइज' या वृंदासह नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या, शनिवारी रात्री प्रसारित होणाऱ्या आणि कंट्री संगीताचे सर्वोच्च व्यासपीठ मानल्या गेलेल्या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाले. ढोल, ट्रम्पेट आणि विजेवर चालणारी वाद्ये यांच्याकडे त्या व्यासपीठावर संशयाने पाहिले जाई, तरी किंग यांनी ती तेथे आणली. शब्द लिहिणारे रेड स्टुअर्ट मात्र टेनेसीचेच; ते वृंदात फिडल वाजवत आणि गातही असत. दोघांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, वृंदाच्या ट्रकमधून प्रवास करत असताना रेडिओवर बिल मन्रो यांचे 'केंटकी वॉल्ट्झ' लागले, तेव्हा टेनेसीच्या नावाने असा वॉल्ट्झ कोणी कसा लिहिला नाही, असा विषय निघाला. वृंद स्वतःची ओळख म्हणून एक नाव नसलेली वॉल्ट्झ धून नेहमी वाजवत असे. तिच्यावर बसणारे शब्द स्टुअर्ट यांनी आगपेटीच्या खोक्यावर तिथल्या तिथे उतरवून काढले.

हा मजकूर नॅशव्हिलमधील फ्रेड रोझ यांच्याकडे गेला. रोझ हे शिकागोच्या लोकप्रिय संगीतव्यवसायात मुरलेले पियानोवादक-गीतकार होते आणि गायक रॉय एकफ यांच्या भागीदारीत त्यांनी १९४२ साली 'एकफ-रोझ' ही गीतप्रकाशन संस्था काढली होती. गीतप्रकाशक म्हणजे केवळ स्वरलिपी छापणारा नव्हे. गीताचे हक्क सांभाळणे, ते निरनिराळ्या गायकांच्या हाती पोचवणे आणि प्रत्येक तबकडीमागे येणारी रक्कम गोळा करून रचनाकारांना देणे, ही त्याची मुख्य कामे असतात. रोझ यांनी मधल्या भागातील शब्दरचनेत किंचित बदल सुचवला आणि गाणे स्वीकारले. अमेरिकेच्या १९०९ च्या स्वामित्वहक्क कायद्यात अशी तरतूद होती की, हक्कधारकाच्या संमतीने एखादे गीत एकदा ध्वनिमुद्रित झाले की त्यानंतर कोणीही ते मुद्रित करू शकेल आणि त्यासाठी वेगळी परवानगी न घेता प्रत्येक तबकडीमागे दोन सेंट भरावे लागतील. एकच गाणे अनेकांनी गाण्याच्या प्रथेचा पाया या तरतुदीत आहे. गायकांमध्ये स्पर्धा असली तरी प्रकाशकाला आणि रचनाकारांना त्या साऱ्यांकडून दोन दोन सेंट मिळत राहत, त्यामुळे एक गाणे दहा जणांनी गावे यातच त्यांचे हित होते. शिवाय ग्रामीण आणि कृष्णवर्णीय रचनाकारांना प्रसारणाचा मोबदला वसूल करणाऱ्या जुन्या हक्कसंस्थेचे दरवाजे बहुधा बंद असत; १९३९ साली 'बीएमआय' ही नवी संस्था स्थापन झाल्यावर रेडिओवरील प्रसारणाचा मोबदलाही त्यांच्यापर्यंत पोचू लागला.

वादकांच्या संघटनेने १ जानेवारी १९४८ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला होता, त्यामुळे १९४७ च्या अखेरीस साऱ्या कंपन्या हाती येईल तेवढे मुद्रित करून ठेवण्याच्या घाईत होत्या. याच घाईत, २ डिसेंबर १९४७ रोजी, किंग यांच्या वृंदाने शिकागो येथे आरसीए व्हिक्टरसाठी हे गाणे मुद्रित केले आणि ते स्टुअर्ट यांनी गायिले. वृंदाचे पूर्वीचे गायक काउबॉय कोपास यांनी सिनसिनाटीच्या किंग रेकॉर्ड्ससाठी तेच गाणे गायिले, आणि १९४८ साली दोन्ही तबकड्या 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाच्या कंट्री यादीत पहिल्या दहांत पोचल्या. स्टुअर्ट यांचे गाणे आज ऐकले तर त्यातील संथपणा आणि अजिबात न ओढलेले स्वर यांचे नवल वाटते. गाणारा माणूस आपल्या दुःखाची कोणाला जाणीव करून देत नाही, फिडल आणि स्टील गिटार नाचणाऱ्यांसाठी ताल धरून असतात, आणि ही तबकडी मुळात नाचण्यासाठीच काढलेली आहे हे विसरता येत नाही.

यानंतर गाण्याने जी वाट धरली ती वर्णभेदाने विभागलेल्या अमेरिकी संगीतव्यवसायात सहसा दिसत नसे. 'टक्सिडो जंक्शन' या धुनेमुळे प्रसिद्ध झालेले अलाबामाचे कृष्णवर्णीय वृंदप्रमुख एर्स्किन हॉकिन्स यांनी १९५० साली 'टेनेसी वॉल्ट्झ' आपल्या नाचवृंदाच्या पद्धतीने मुद्रित केले. तेव्हा 'बिलबोर्ड'मध्ये काम करणारे आणि पुढे अटलांटिक कंपनीचे निर्माते म्हणून नावाजलेले जेरी वेक्सलर यांच्या कानी ही तबकडी पडली आणि त्यांनी पॅटी पेज यांचे व्यवस्थापक जॅक रेल यांना ती सुचवली. गोऱ्या ग्रामीण वृंदाचे गाणे अशा रीतीने कृष्णवर्णीय वृंदाच्या हातून शहरी पॉप गायिकेकडे आले. ओक्लाहोमात जन्मलेल्या क्लारा ॲन फाउलर यांना एका दुग्धोत्पादक कंपनीच्या पुरस्कृत रेडिओ कार्यक्रमामुळे पॅटी पेज हे नाव मिळाले होते आणि त्या मर्क्युरी कंपनीच्या उगवत्या गायिका होत्या. नोव्हेंबर १९५० मध्ये न्यूयॉर्क येथे झालेले हे मुद्रण नाताळसाठीच्या एका गमतीदार गाण्याच्या पाठीला लावण्यासाठी केले होते. कंपनीची सारी भिस्त त्या नाताळगीतावर असताना श्रोत्यांनी तबकडी उलटी करून ऐकायला सुरुवात केली, आणि १९५१ च्या आरंभी ती विक्रीच्या, रेडिओच्या आणि हॉटेलांतून नाणे टाकून वाजणाऱ्या ज्यूकबॉक्सच्या याद्यांत अग्रस्थानी होती. कंट्रीच्या यादीतही तिने प्रवेश मिळवला. अमेरिकेत तिच्या लाखो प्रती खपल्या.

पेज यांच्या तबकडीचे वेगळेपण तंत्रात आहे. गायकाने आधी मुद्रित झालेला आपलाच आवाज ऐकत त्याच्यावर दुसरा, तिसरा आवाज चढवायचा, या क्रियेला बहुस्तरीय ध्वनिमुद्रण म्हणतात. १९४७ साली 'कन्फेस' या गाण्यासाठी सोबतीच्या गायकाचा खर्च परवडेना, म्हणून पेज यांनी दोन्ही भाग स्वतः गायिले होते आणि तेव्हापासून ही त्यांची खूण बनली. 'टेनेसी वॉल्ट्झ'मध्ये मात्र हे तंत्र गाण्याच्या आशयाशी असे जुळले आहे की ती केवळ क्लृप्ती वाटत नाही. वॉल्ट्झ हा जोडीने नाचायचा प्रकार आणि सुसंवादी दुसरा आवाज ही कंट्री गायनाची परंपरागत सोबत; पण येथे जो दुसरा आवाज सोबतीला येतो तो त्याच स्त्रीचा आहे, म्हणजे प्रिय व्यक्ती आणि मैत्रीण दोघेही निघून गेल्यावर तिला साथ द्यायला तिच्याशिवाय कोणी उरलेले नाही. पेज किंवा रेल यांच्या मनात हा अर्थ होता असे मानण्याचे कारण नाही. तो तबकडीत आहे आणि लक्ष देऊन ऐकणाऱ्याला तो ऐकू येतो. त्याच हंगामात लेस पॉल आणि मेरी फोर्ड, जो स्टॅफर्ड, गाय लोम्बार्डो यांच्याही तबकड्या बाजारात आल्या आणि खपल्या, परंतु या घडीपासून एक मोठा पालट झाला. १९४८ साली गायकांपुढे गाणे होते. १९५१ नंतर ते मुद्रित करणाऱ्या प्रत्येकापुढे एक तबकडी होती, आणि तिच्यासारखे गायचे की तिच्यापासून दूर जायचे हे त्याला ठरवावे लागे. एकफ-रोझच्या तिजोरीत या गाण्याने जी भर घातली तिने नॅशव्हिलला संगीतव्यवसायाचे केंद्र म्हणून उभे राहायला बळ दिले, हेही येथे नोंदवले पाहिजे.

१९६५ साली टेनेसीच्या विधिमंडळाने 'टेनेसी वॉल्ट्झ'ला अधिकृत राज्यगीतांत स्थान दिले. राज्यगीतांत बहुधा डोंगर, नद्या, शूर पूर्वज आणि सुपीक जमीन यांचे गुणगान असते. या गाण्यात टेनेसीचा एक डोंगर नाही, एक नदी नाही, नावाखेरीज राज्याची एकही खूण नाही, आणि जे आहे ते एका व्यक्तीचे हरणे आहे. तरीही विधिमंडळाची निवड चुकली असे म्हणता येत नाही, कारण जगभरच्या लोकांच्या तोंडी टेनेसीचे नाव याच गाण्याने नेले होते.

या गौरवाच्या मागे-पुढे दोन कृष्णवर्णीय गायकांनी गाण्याला जे रूप दिले ते कंट्रीच्या इतिहासात पुरेशा आदराने नोंदले जात नाही. चर्चमधील गॉस्पेल गायनात घडलेले सॅम कुक यांनी १९६४ च्या 'एन्ट दॅट गुड न्यूज' या संग्रहात ते घेतले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबमधील आपल्या प्रत्यक्ष कार्यक्रमातही गायिले. त्यांनी वेग इतका वाढवला की विलापाची जागा हसतमुख धैर्याने घेतली. घाव सांगताना माणूस मान ताठ ठेवतो, तसे ते गाणे चालते. ज्या संग्रहात नागरी हक्कांच्या लढ्याचे प्रतीक ठरलेले 'अ चेंज इज गॉन्ना कम' आहे, त्याच संग्रहात हे गाणे असणे महत्त्वाचे आहे, कारण दक्षिणेतील नाचघरे वर्णानुसार वेगळी होती आणि गाण्यातल्या त्या नाचघराच्या दारातूनही कुक यांच्यासारख्याला कदाचित परत पाठवले गेले असते. १९६६ साली ओटिस रेडिंग यांनी मेम्फिस येथील स्टॅक्स स्टुडिओत, बुकर टी. अँड द एमजीज यांच्या साथीने ते मुद्रित केले. मेम्फिस हे टेनेसीतलेच शहर, त्यामुळे गाणे नावापुरते का होईना घरी आले, पण ते सोल होऊन आले. सोल म्हणजे गॉस्पेलचा आर्त उच्चार लौकिक प्रेमगीतात आणणारी कृष्णवर्णीय गायकी. रेडिंग ओळ संपली तरी थांबत नाहीत, शब्द पुन्हा पुन्हा घेतात, एखादा स्वर मध्येच तोडतात आणि स्टुअर्ट यांनी संयमाने आत ठेवलेले सारे बाहेर आणतात. मूळ गाण्याचा संयम ज्यांना प्रिय आहे त्यांना हे जास्त वाटेल. परंतु शेवटाकडे त्यांचा आवाज ज्या रीतीने फाटतो तेथे या गाण्याच्या सर्व ध्वनिमुद्रणांतील सर्वाधिक उघडे दुःख आहे, याविषयी दुमत होऊ नये.

अमेरिकेबाहेर हे गाणे जपानमध्ये जितके रुजले तितके क्वचितच दुसरीकडे रुजले असेल. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी ताब्याच्या काळात तेथील लष्करी तळांवर सैनिकांसाठी करमणुकीचे कार्यक्रम होत आणि त्यांत गाऊन अनेक जपानी कलावंत घरखर्चाला हातभार लावत. १९३७ साली टोकियोत जन्मलेल्या चिएमी एरी याच तळांवर लहानपणापासून गात होत्या. जानेवारी १९५२ मध्ये, नुकतेच पंधरावे वर्ष पूर्ण झालेले असताना, त्यांची पहिली तबकडी जपानच्या किंग कंपनीने काढली आणि तिच्यावर 'टेनेसी वॉल्ट्झ' होते. रचनाकाराचे आडनाव, कोपास यांची सिनसिनाटीची कंपनी आणि ही जपानी कंपनी यांचे नाव एकच असावे हा निव्वळ योगायोग. एरी गाण्यातील काही ओळी इंग्रजीत आणि काही जपानीत गात. एप्रिल १९५२ मध्ये ताबा संपला, पण गाणे राहिले, आणि परक्या सैन्याबरोबर आलेले संगीत एका मुलीच्या आवाजात देशाचे स्वतःचे झाले. एरी यांनी पुढे अभिनेते केन ताकाकुरा यांच्याशी विवाह केला. १९७१ साली ते विभक्त झाले आणि १९८२ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, एरी यांचे निधन झाले. १९९९ च्या 'पोप्पोया' या चित्रपटात ताकाकुरा यांनी पत्नी गमावलेल्या वृद्ध रेल्वे कर्मचाऱ्याची भूमिका केली, आणि त्या चित्रपटात हीच चाल वाजते. जपानी प्रेक्षकांना त्यामागचा संबंध समजावून सांगण्याची गरज नव्हती.

नंतरच्या काळातील ध्वनिमुद्रणांपैकी एमिलू हॅरिस यांचे १९८१ च्या 'सिमरॉन' संग्रहातील गायन कंट्रीच्या मूळ वळणाकडे परतणारे आहे. १९९५ साली आयर्लंडच्या 'द चिफ्टन्स' या लोकसंगीत वृंदाने वेल्सचे गायक टॉम जोन्स यांना घेऊन ते मुद्रित केले आणि त्याला मझुर्का या तीन मात्रांच्या पोलिश नृत्यप्रकाराची जोड दिली; चालकर्त्याच्या कुळाशी त्याचे नाते जुळते, हे फारसे कोणी लक्षात घेतलेले नाही. कॅनडाचे कवी-गायक लेनर्ड कोहेन यांनी १९८५ च्या माँत्रो महोत्सवात ते गायिले आणि ते मुद्रण २००४ च्या 'डिअर हेदर' संग्रहात समाविष्ट केले. कोहेन यांनी त्यात स्वतःचे एक कडवे जोडले आहे. शब्दांवर त्यांचे असामान्य प्रभुत्व असूनही ते कडवे गाण्याला मानवत नाही, कारण स्टुअर्ट यांचा निवेदक ज्या ठिकाणी गप्प होतो त्याच्या पुढचे ते सांगू पाहते, आणि पेज, कुक, रेडिंग व एरी यांनी नवे कडवे न जोडता स्वरातून जे भरून काढले होते, ते शब्दांत आल्यावर लहान होते.